घरी काय वाचलंत?

गेल्या शुक्रवारी परळच्या चाळीतल्या आमच्या घरसभेत भाऊंनी जाहीर केलं, की यापुढे सभा ते चालवणार नाहीत.

आम्ही सात-आठ जण दर आठवड्याला भाऊंच्या घरी बायबल घेऊन जमतो. भाऊ चहा बाजूला सारतात आणि प्रत्येकाला विचारतात, "घरी काय वाचलंत?" आम्ही चर्चच्या कॅलेंडरवर छापलेलं त्या दिवसाचं बायबलचं वचन सांगतो. कॅलेंडर सगळ्यांकडे तेच, त्यामुळे वचनही तेच. "हे भिंतीवरचं झालं, बरं का," म्हणत भाऊ तासभर स्वतःच समजावतात.

"मी बोलतो म्हणून तुम्ही वाचत नाही," ते त्या दिवशी म्हणाले. "चर्चच्या पाळकसाहेबांना उद्या फोन करून कळवतो."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "एक सांगून जा, भाऊ. बायबलातला तो योना एका झाडासाठी हळहळतो आणि देवानं अख्ख्या शहराला माफ केलं तर रागावतो. असा कसा हो हा संदेष्टा?"

"योनाला मासा गिळतो, त्याच्या पुढेपण गोष्ट आहे?" काकूंच्या नवऱ्यानं विचारलं.

"चारच तर अध्याय आहेत. वाचा की!" काकूंनी सुनावलं.

भाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी काकूंना विचारलं. मग तिघंचौघं एकदमच बोलू लागले. भाऊ भिंतीला टेकून ऐकत राहिले.

पाळकसाहेबांना फोन गेलेला नाही. या शुक्रवारची सभा भाऊंच्याच घरी आहे.