आसरांच्या डोहात परदेशी गळ

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, चहा तोंडात असताना नको. ज्या माणसाची अख्खी नोकरी पूर्णा गावच्या शाळेत 'भूत नसतं' हे शिकवण्यात गेली, तो भर दुपारी भुताला घाबरून गावभर कसा पळाला, ते ऐका. तो माणूस म्हणजे मीच!

माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून भूत, करणी, उतारा या मंडळींना आमच्या घरात दार बंद. मी त्यांचा नातू, त्यात सायन्सचा मास्तर. ताठा किती असेल बघा!

त्यात मला नवा नाद लागला. मोबाइलवर परदेशातल्या नद्या बघायचा. न्यूझीलंड म्हणू नका, स्कॉटलंड म्हणू नका. कमरेएवढ्या पाण्यात गोरा माणूस उभा, हातात लांब लवचिक काठी, दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी, तिच्या पोटात गळ. दोरी आधी मागं फेकायची, मग पुढं, आणि माशी अलगद पाण्यावर टेकवायची. मासा फसला की त्याला कौतुकानं बघायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचं!

"मग धरायचा कशाला?" बायकोनं विचारलं.

पण परदेशातल्या भाच्यानं तिकडून तशी काठी आणून दिली आणि मी कोंबड्याची पिसं, लाल दोरा घेऊन घरीच माश्या बांधायला बसलो.

अशात भगवानरावांचा फोन आला. भगवानराव म्हणजे माझे जुने दोस्त, गोदावरीकाठी शेती करतात.

"सर, आमच्या आसरायच्या डोहात उद्या-परवा करंट टाकायलेत. मोटारीची वायर पाण्यात सोडली की बारकं-मोठं सगळं पांढरं होऊन वर! नदी आटली, मासा सगळा त्या एका डोहात हाय. बीजच ऱ्हायचं न्हाई बघा."

"मी येतो," मी म्हणालो. "मासा धरून सोडताही येतो, हे गावाला दाखवतो."

"या. पर दुपारचं डोहावर जाऊ नगा. आसरा असत्यात."

आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया. हिरवं नेसतात, माणसाला डोहात ओढतात, असं म्हणतात.

"भगवानराव, तुम्हीसुद्धा?"

"मी आपलं सांगायलाव."

आता मला सांगा, चारचौघांत फजिती व्हायला नको म्हणून आधी हात बसवायचा, तर कधी जावं? कुणी नसतं तेव्हाच ना? दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गावी उतरलो आणि डोहावर गेलो भर दुपारी!

डोहावर वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं. सदा कलकल करणाऱ्या साळुंक्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. पाणी काळंशार, आणि ते माझ्याकडं बघतंय असं वाटायला लागलं. पाणी कधी बघतं का? मी वर्गात सांगतो तसं मोठ्यानं सांगितलं, "पाणी बघत नसतं!"

समोरच्या दरडीवरून उत्तर आलं, "...बघत नसतं." माझाच आवाज. पण जरा उशिरानं आला, आणि जरा बायकी. खोटं बोलत नाही!

तेवढ्यात पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा पुंजका हलला. मरळ माशाची पिल्लं! खाली माझ्या दंडाएवढी आई त्यांच्याभोवती गोल फिरत होती. वायर पडली की ही आई आणि ही लेकरं क्षणात उलटी होणार. तिच्या दिशेनं काही गळ टाकवेना. मी तोंड फिरवून दुसऱ्या अंगाला वळलो, दोरी मागं फेकली आणि पुढं ओढली.

पुढं आलीच नाही.

कुणीतरी मागून धरली होती.

मी ओढलं, तिकडून ओढ आली. हलकी, मऊ, बाईनं आपला पदर सोडवून घ्यावा तशी. मी सैल सोडलं, तिकडूनही सैल. परत ओढलं, परत ओढ! मानेवरचे केस उभे राहिले. सायन्स म्हणत होतं, वळून बघ. मान ऐकेना. शेवटी सगळा जीव एकवटून हिसका दिला आणि वळलो.

झुडपातून हिरवी बाई उठली. डोकं नाही, पाय नाहीत. थेट माझ्या अंगावर!

"आई गं! आली!"

पळालो ना मी! मागं बघितलं तर ती मागंच. मी जोरात, ती जोरात. ठेचकाळून पडलो, तर तीही खाली बसली. वाट बघत! मी उठलो, ती उठली. गावात शिरलो तशी दारं धडाधड लागली. ओसरीवरची म्हातारी किंचाळली, "माय माय माय! मास्तराच्या मागं आसरा लागली!"

भगवानराव शेतातल्या आखाड्यावरून धावत आले, पण जवळ यायची त्यांचीही हिंमत होईना. लांबूनच ओरडले, "सर! हातातली काठी टाका आदी!"

टाकली. बाई जागच्या जागी कोसळली.

डोहाकाठच्या दगडांना आसरा म्हणून कुणीतरी वाहिलेली हिरवी साडी, आणि तिच्या काठात रुतलेली माझी माशी!

सगळं गाव जमलं. मी घाम पुसत समजावून सांगितलं, "गळ साडीत अडकला, काठी माझ्या हातात. मी पळालो म्हणून साडी पळाली. डोहात भूतबीत काही नाही."

बोललो आणि ती मरळ आठवली. अरे, भूत नाही म्हटल्यावर उद्या वायर पडणार की! पण वर्गात एक आणि गावात एक, असं मला जमायचं नाही. हात जोडून म्हणालो, "भूत नाही, तरी करंट टाकू नका हो."

ज्याच्या मोटारीची वायर टाकायची होती तो गडी पुढं आला. चेहरा उतरलेला.

"वायर म्या गुंडाळून ठिवली, सर. आता डोहाकडं कुणी फिरकत बी न्हाई."

"अहो, पण साडी होती ती!"

"तुमी कायबी म्हणा. आमच्यासारखं अडाणी माणूस पळालं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पर सायन्सचे सर पळाले! ते उगं पळतेत व्हय?"