तेल पाजलेल्या मुठी

उदगीरच्या एका चामड्याच्या व्यापाऱ्यानं मला फसवलं आणि त्यात माझ्या शेजाऱ्याचा डोळा गेला.

निजामी राजवटीची ती शेवटची वर्षं. लातुरात माझं मोटा आणि खोगिरांचं दुकान होतं, कुणाच्या आधाराशिवाय उभं केलेलं. तिथल्या एका बड्या अंमलदाराला गोल्फचा नाद होता. गावाबाहेरच्या माळावर तो चेंडू मारी आणि त्याचा चपराशी, म्हणजे माझा शेजारी, काठ्या घेऊन मागं चाले. काठ्यांच्या मुठींवरचं चामडं झिजलं तेव्हा साहेबानं मला बोलावून बजावलं, घाम पिणारं कोरडं चामडं पाहिजे. बाहेर आल्यावर शेजारी म्हणाला, "दादा, नीट पारखून आणा. यांचा हात हुकला की दिवसभर आमची खैर न्हाई."

थंडीत उदगीर गाठलं. व्यापाऱ्याची बैठक एरंडीच्या घाण्याला लागून होती, श्वासालाही तेलाचा वास. त्यानं बकऱ्याच्या कातड्याच्या पट्ट्या समोर टाकल्या. रीतीप्रमाणं आमचे उजवे हात रुमालाखाली गेले आणि बोटांनी भाव सुरू झाला. त्याला मी घाम फोडला. पट्ट्या डाव्या हातानं चाचपल्या, त्या खरखरीत, कोरड्या लागल्या. तेल पाजलेलं नाही ना, असं मी दोनदा विचारलं.

"सेठ, इमानानं सांगतो, थेंब न्हाई," तो म्हणाला आणि भाव एकदम सोडला. असा एकदम कुणी सोडत नाही.

मोच्यानं मुठी बांधल्या. थंडीभर तक्रार आली नाही. चैत्रात ऊन तापलं. चौकात हत्यारबंद माणसं बसू लागली होती, दिवे लागायच्या आत बाजार उठायचा. अशात एका सकाळी दोन शिपाई दुकानात आले आणि मला माळावर घेऊन गेले.

शेजारी डोळ्यावर उपरणं दाबून बसला होता. उपरणं लाल झालं होतं. साहेबाच्या हातून काठी निसटून त्याच्या तोंडावर गेली होती.

"पकडो," साहेब म्हणाला.

मी मूठ धरली. हाताच्या उबेनं चामड्यातून तेल पाझरलं आणि ते लपवायला वर चोळलेल्या राखेचा चिखल बोटांना लागला. साहेबानं शेजाऱ्याला ऐकू जाईल असं विचारलं, चामडं कुणी निवडलं? मग मला घरी सोडलं. शिक्षा केली असती तर बरं झालं असतं.

शेजारी अजून समोरच राहतो. संध्याकाळी ओट्यावर बसून उरलेल्या डोळ्यानं माझ्या दाराकडं बघत राहतो. दादा म्हणत नाही. राखेचं सांगायला गेलो की एवढंच म्हणतो, "निवडलं तर तुम्हीच."

तो व्यापारी आज उदगिरात पंच म्हणून लोकांचे तंटे मिटवतो. सौदा रुमालाखाली झाला, साक्षीदार कुणी नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण राख रुमालाखाली चोळली नव्हती, ती चोळताना कुणीतरी पाहिलं असेलच. त्यानं लातूरला यावं, या ओट्यासमोर उभं राहावं आणि ती कुणी चोळली ते माझ्या शेजाऱ्याच्या तोंडावर सांगावं.