बसलेलं जाकीट

बस चालवणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि जाकिटं मुरवणं हा जिवाचा. डेपोत सगळे त्याला पायलट म्हणत. विमानात तो जन्मात बसला नव्हता. शिडी चढून पंखा पुसायचा म्हटलं तरी बायकोला हाक मारायचा. पण अंगावर सदानकदा जुन्या वैमानिकांच्या धाटणीचं चामडी जाकीट, लोकरीची कॉलर, पितळी चेन. मग दुसरं काय म्हणणार?

गंमत अशी की, एकवीस वर्षांत त्यातलं एकही जाकीट त्याचं स्वतःचं नव्हतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत जाकिटांचं एक दुकान होतं. तिथल्या मालकीणबाई स्वतःच्या हातांनी असली जाकिटं शिवायच्या. बकऱ्याचं जाड चामडं, मनगटाला आणि कमरेला घट्ट विणीव पट्टी. दिसायला राजबिंडं, पण नवंकोरं जाकीट अंगात घालणं म्हणजे दार उघडून आत शिरणं नव्हे, अख्खं दारच अंगावर घेणं. कोपर वाकवावं तर चामडं कुरकुरतं, मान वळवावी तर कॉलर कानाखाली वाजवते. ते मऊ व्हायला महिना लागतो, आणि महिनाभर दार अंगावर घेऊन हिंडायला सगळ्यांना सवड नसते. अशा गिऱ्हाइकांचं जाकीट पायलट महिनाभर घालायचा आणि मुरवून द्यायचा.

त्यालाच का? कारण तो मधल्या मापाचा माणूस. खांदे मधले, पोट मधलं, हात मधले. टोपीसुद्धा मधली. "देवानं तुम्हाला नमुना म्हणून शिवलं आणि मग विसरला," मालकीणबाई म्हणायच्या.

आणि पायलटला जाकीट सांभाळता यायचं. चेनीवर मेणबत्ती घासायची म्हणजे ती अडत नाही. भिजलं तर रुंद हँगरवर लावायचं आणि त्याला त्याच्या मनानं वाळू द्यायचं, हिटरजवळ न्यायचंच नाही. मलम लावायचं ते बोटानं, वाटाण्याएवढं, जास्त नाही. "चामड्याला पाजायचं असतं, बुडवायचं नसतं," हे तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा. त्यांनी विचारलेलं असो वा नसो.

पण त्याचा खरा नियम एकच. जाकीट हातात घेतलं की आधी प्रश्न: "गिऱ्हाईक बसणारं की उभं राहणारं?"

कारण चामडं जसं वापराल तसं वळतं. बसणाऱ्याचं जाकीट तो स्टिअरिंगवर मुरवायचा. दिवसभर हात वाकलेले, कोपरात सुरेख घड्या पडायच्या. उभं राहणाऱ्याचं असेल तर ड्युटी सुटल्यावर तासभर नदीकाठी चालायचा, हात सरळ सोडून, एकटाच. बायको म्हणायची, "मलापण डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." हा म्हणायचा, "अगं, मी फिरायला नाही जात, कामाला जातो." विषय तिथेच मिटायचा. म्हणजे, त्याला वाटायचं की मिटला.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला मालकीणबाईंनी एक जाकीट काढलं आणि पायलट प्रश्न विचारायचाच विसरला.

त्याचा रंग म्हणजे चहा दोनदा उकळल्यावर येतो तसा. कॉलर अशी की गाल टेकवावा. मालकीणबाईंना प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणायची खोड होती. "हात लावून बघा. बघा हो. बघा तर खरं." पायलटनं हात लावला आणि तो गेलाच. जाकीट अंगात घातलं, आरशात बघितलं, पुन्हा बघितलं आणि घरी निघाला. महिन्यानं द्यायचं, एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या खेपेला पोहायला जाणाऱ्या आजीबाई चढल्या. त्या रोज चढायच्या आणि रोज काहीतरी शेरा मारून जायच्या.

"अगंबाई! आज विमान का? पट्टे बांधायचे?"

"बसा आजी, उड्डाणाला उशीर होतोय."

"खिडकीची जागा द्या मग. आणि ढगात नेऊ नका, मला पुढच्या चौकात उतरायचंय."

सगळी बस हसली. पायलट तर असा फुलला की तीन थांबे हवेतच गेला. नशीब, थांबायला विसरला नाही. मग तीन आठवडे ते जाकीट आणि तो, तो आणि ते जाकीट. आठ तास स्टिअरिंगवर, घरी आल्यावर जेवायच्या टेबलावर, पेपर वाचताना खुर्चीत. चामडं पाघळत गेलं, कुरकुर थांबली. एका दुपारी सिग्नलला त्याच्या लक्षात आलं की आपण जाकीट घातलंय हेच आपण विसरलोय. जाकीट मुरल्याची तीच खूण.

त्याच संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली. ती तिथे केसपेपरच्या खिडकीवर बसायची, त्यामुळे घरातही तिचं बोलणं खिडकीतूनच यायचं.

"नाव?" तिनं दारातूनच विचारलं.

"कोणाचं?"

"याचं." तिनं खुंटीकडे बोट केलं. "आणि काय होतंय याला? कधीपासून?"

पायलटनं बघितलं. जाकीट खुंटीवर टांगलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाह्या पुढे आल्या होत्या. कोपरात वाकलेल्या, अधांतरी. आत माणूस नाही, पण हात मात्र स्टिअरिंगवर. उजवी बाही तर जरा खाली, गिअरकडे झुकलेली.

"अहो," बायको म्हणाली, "हे कोणाची बस चालवतंय?"

"मी विचारलंच नाही," पायलट खाली बसत म्हणाला. "गिऱ्हाईक बसतं की उभं राहतं, विचारलंच नाही मी!"

सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो शटरसमोर उभा.

"गिऱ्हाईक काय करतं?"

"नाही विचारलं," मालकीणबाई कुलूप काढत म्हणाल्या. "मी नाही विचारलं. तुम्ही विचारता, म्हणून मी कधीच नाही विचारत."

"दिसायला कसा आहे?"

"ताठ. काठी गिळल्यासारखा ताठ. मास्तर असणार. फळ्यापुढे उभा राहणारा. मास्तरच." मग त्यांची नजर बाह्यांवर गेली आणि चष्मा नाकावर उतरला. "हे काय हो? असं जाकीट घालून माणूस फळ्यासमोर उभा राहिला तर पोरं म्हणतील, सर, पुढचा थांबा कुठला! पायलट, एकवीस वर्षांत एक जाकीट परत आलेलं नाही. एक जरी आलं, तर मी ते गरगर फिरणारं पिंप आणणार. जाकिटं आत टाका, बटण दाबा, मऊ. आणणार म्हणजे आणणार."

पिंपाचं नाव निघालं आणि पायलटला पुढची सगळी वर्षं डोळ्यांसमोर दिसली. स्वेटर. नुसता स्वेटर. आजीबाई रोज चढताहेत आणि काही म्हणण्यासारखं सापडत नाहीये.

"कधी येतोय तो?"

"पुढच्या शनिवारी."

म्हणजे नऊ दिवस. डेपोतला मेकॅनिक म्हणाला, "त्यात काय, इस्त्री फिरव." पायलटनं त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. उपाय एकच होता. ओल्या फडक्यानं कोपराच्या आतली बाजू जराशी दमट करायची, जाकीट अंगात घालायचं, हात सरळ सोडून चालत राहायचं आणि चामड्याला अंगावरच वाळू द्यायचं. रोज. आणि बस चालवताना त्याला हातसुद्धा लावायचा नाही.

पहिल्या संध्याकाळी तो चालून आला तेव्हा बायको खिडकीत उभी होती.

"किती पावलं सरळ चाललात?"

"सगळी."

"मी वरून बघत होते. बाराव्या पावलाला हात वर. काळजी लागली की तुमचे हात आपोआप स्टिअरिंगवर जातात. झोपेतसुद्धा जातात, मला विचारा."

दुसऱ्या दिवशी ती बूट घालून खाली उभी. पायलट काही बोलायच्या आत तिनं त्याचा डावा हात मनगटाशी धरला, खाली ओढला आणि म्हणाली, "चला. वाकवलात तर याद राखा."

दोन्ही हात एकदम धरता येईनात, म्हणून जाताना डावा, येताना उजवा. नदीकाठचे लोक बघायचे. एका बाईच्या हातात नवऱ्याचं मनगट, नवरा ताठ, जणू पकडून चालवलंय. बायको चालता चालता दवाखान्यातली सगळी माणसं बोलून दाखवायची. दात दुखतोय म्हणून जबडा घट्ट धरून 'म्म म्म' करणारा. स्वतःचं वय सांगताना आवाज बारीक करणारी. 'आजार नाही हो, सहज आलो' म्हणत रांग मोडणारा. पायलट हसायचा आणि हसताना हात सैल सुटायचे, अगदी सरळ. इतक्या वर्षांत त्याला पत्ता नव्हता की ही सगळी माणसं रोज संध्याकाळी आपल्याच घरात येऊन बसतात आणि त्यांना बाहेर पडायला कोणी वाट देत नाही.

पाचव्या दिवशी बाह्या खाली आल्या. आठव्या दिवशी खुंटीवरचं जाकीट सुट्टीवरच्या माणसासारखं लोंबकळत होतं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. खरंच काठी गिळलेली. प्रत्येक वाक्य 'तसं बघायला गेलं तर'वर चढवून मगच खाली सोडणारा माणूस. त्यानं जाकीट घातलं, चेन लावली आणि आरशापुढे उभा राहिला. बाह्या सरळ, खांदे चोख.

"तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "छानच आहे."

मालकीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोही तीनदा.

"पण तसं बघायला गेलं तर... एक खुर्ची मिळेल?"

पायलटचे हात आपोआप वर गेले. "खुर्ची? तुम्ही मास्तर ना?"

"मास्तर? नाही हो. मी घड्याळं दुरुस्त करतो. दिवसभर वाकून बसलेला असतो, म्हणून उभा राहिलो की मुद्दाम ताठ राहतो. नाहीतर पाठ तशीच राहायची."

पायलटनं मालकीणबाईंकडे बघितलं. मालकीणबाईंनी छताकडे बघितलं. नऊ दिवस ज्या घड्या मोडायला रक्त आटवलं, नेमक्या त्याच या माणसाला हव्या होत्या!

गिऱ्हाईक काउंटरपाशी बसलं. कोपरं काचेवर टेकवली, एक डोळा बारीक केला, चिमटा धरल्यासारखी बोटं जुळवली. पायलटनं डोळेच मिटून घेतले. आता कुरकुरणार. आता म्हणणार, ठेवा तुमचं जाकीट.

कुरकुर आली नाही. त्यानं डोळे उघडले. बाह्या कोपरात वाकल्या होत्या, आवाज न करता, जुन्या घड्यांतच. उजवी तर जरा खाली, जिथे गिअर असतो तिथे. घड्याळवाल्याचा चिमट्याचा हात नेमका तिथेच टेकत होता.

त्यानं चिमटा उचलल्यासारखा हात वर नेला, पुन्हा टेकवला. मग 'तसं बघायला गेलं तर' न म्हणताच म्हणाला, "याला माझं काम आधीच कसं ठाऊक?"

पायलटला राहवलं नाही. "साहेब, खरं सांगतो. हे आधी बस चालवायला शिकलं. मग मी नऊ दिवस ते त्याच्या डोक्यातून काढलं. चूक माझीच. मी विचारलं नाही."

"गेलं तर नाही डोक्यातून."

"चामडं विसरत नाही, साहेब. सांगितलं तर गप्प राहतं, एवढंच."

घड्याळवाला हसला, उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. बाह्या वाकल्या, सुटल्या, वाकल्या. शेवटी तो जाकीट घालूनच बाहेर पडला, चेन कॉलरपर्यंत लावून.

"मी म्हटलंच होतं," मालकीणबाई म्हणाल्या, "घड्याळवाला असणार."

"तुम्ही मास्तर म्हणाला होतात."

"तोंडानं. मनात घड्याळवालाच. मनात, मनात." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पिंप नको. जागा फार खातं. सोमवारी नवीन कापते आहे. आणि या खेपेला विचारा."

पायलट स्वेटरवर घरी निघाला. खांदे इतके हलके की कोणी मागून हात काढून घेतल्यासारखे. चित्रातल्यासारखं सुंदर जाकीट गेलं होतं. परत मात्र येणार नव्हतं, आणि मुरवणाऱ्याला तेवढं पुरतं.

दाराशी बायको उभी. पायात चालायचे बूट.

"अगं, आता कशाला? जाकीट गेलं."

"हात गेलेत का?" ती म्हणाली आणि तिनं त्याचा डावा हात धरला.