रोडग्याच्या पंगतीसाठी व्यायाम

आमच्या वऱ्हाडात रोडग्याची पंगत वावरातच बसते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि बसायला खाली सतरंजी. नियम एकच, पण कडक. पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. मागच्या साली वलगावला, माहेरच्या वावरात, सगळे उठले आणि मी राहिले बसलेली. गुडघ्यांनी दगा दिला. वहिनीनं आणि दोन भाच्यांनी मला पोत्यासारखं उचललं, अन् अख्खी पंगत पाहत उभी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून अमरावतीत कॉलनीच्या हॉलमधला सकाळचा व्यायामाचा क्लास लावला. तिथल्या बाई समजूतदार. मला मागं खुर्ची दिली. खुर्चीत बसून हात हलवायचे, पाय हलवायचे, मग सगळ्या मिळून पोहे. सहा महिने मी फार मजेत होते. गुडघे होते तिथंच होते.

मग त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एक पोट्टी आली. अकोल्याची, लग्न होऊन नुकतीच आमच्या गावात आलेली, डोक्याला घट्ट स्कार्फ, आणि आवाज भाजीबाजारात हर्रासीचे भाव पुकारणाऱ्याचा. आली तशी तिनं माझी खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.

"काकू, खुर्ची काहून लागते तुमाले?"

"गुडघे दुखतात."

"डॉक्टरनं खाली बसू नका म्हटलं का?"

खोटं बोलता येईना. "नाही. व्यायाम करा म्हटलं."

"मंग खुर्ची कोणी लिहून देली?"

बायका खी खी हसल्या. माझं डोकं असं सणकलं! चपला घातल्या आणि तडक घरी आले. नवऱ्याला म्हटलं, कालची पोर मला शिकवते. तो पेपरातून मान न काढता म्हणाला, "शिकवाले तर ठेवलं तिले."

दुपारी वहिनीचा फोन. "बाई, रोडग्याची तारीख ठरली, दीड महिन्यानं हाय. तुह्यासाठी खुर्ची सांगून ठेवली." चांगल्या मनानं म्हणाली बिचारी, पण फोन ठेवला आणि मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं क्लासला गेले. कालचा विषय तिनं काढला नाही. माहेर विचारलं, शेती होती का विचारलं, मग म्हणाली, "निंदण केलं असंन ना?"

केलं होतं की. उकिडवं बसून, पिकातलं तण काढत, पुढं पुढं सरकायचं. शाळेला सुट्टी असली की आई आम्हां बहिणींना ओळीला लावायची.

"मंग तसंच बसा. मी काही नवीन सांगून नाही राहिली."

बुडाखाली तिनं चार चटया रचल्या. दर आठवड्याला एक चटई काढायची आणि मी तिला शिव्या द्यायचे, तोंडावर. उठताना एक पाय पुढं, हात मांडीवर, श्वास सोडायचा. क्लासमधल्या शेजारणीनं एकदा हात दिला तर ही तिच्यावरच ओरडली, "त्यायले उठू द्या! काकू, और एक बार!" चौथी चटई गेली त्या दिवशी तिनं घरून शीरखुर्मा आणला होता. सगळ्यांसाठी आणला म्हणे. मला दोन वाट्या दिल्या.

रोडग्याच्या दिवशी मी खुर्ची परत पाठवली आणि सतरंजीवर बसले. दोन रोडगे खाल्ले, तूप घालून घालून खाल्ले, पण चित्त सगळं शेवटाकडं. पंगत उठली. पाय पुढं, हात मांडीवर, श्वास. आणि बाप्पा, मी उभी! सगळ्यांच्या सोबत!

इकडंतिकडं पाहिलं. एकाही माणसाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. जो तो हात धुवायला निघालेला. वहिनी पुढच्या पंगतीच्या पत्रावळी मांडत होती. न राहवून तिच्या मागं गेले.

"वहिनी, पाहिलं का? मी उठली!"

तिनं मान वर केली. "मंग? जेवल्यावर माणूस उठतेच. सर बाजूले, दुसरी पंगत बसू दे."