पहिल्या रांगेतले व्याही

माझ्या धाकट्या भावाची सुपारी फुटली त्याच महिन्यात त्याचा सिनेमाही तयार झाला, आणि दोन्ही आनंद एकदम आल्यामुळे आमच्या घरच्यांची अक्कल गहाण पडली. बाबांनी होणाऱ्या व्याह्यांना सिनेमाच्या पहिल्या खेळाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. सिनेमा कशावर आहे ते मला माहीत होतं. मी आईला म्हटलंही, की हे राहू दे. "अगं, जावयाचं काम बघतील, खूश होतील," आई म्हणाली.

सिनेमा हा भावाच्या मित्राचा उद्योग. तो उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये लग्नांचे फोटो काढतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात, कॅमेरे कपाटात पडून राहतात. त्याच दिवसांत त्याने सिनेमा उरकला. नायिका स्वतःच्याच कपड्यांत वावरली आणि वेड्या माणसाची खोली म्हणून आमच्या अंबरनाथच्या घरातली आतली खोली वापरली. गोष्ट एवढीच, की एका माणसाला एका बाईचं वेड लागतं, तो तिच्या मागे फिरतो, तिचे फोटो भिंतभर चिकटवतो आणि शेवटी स्वतः मरतो. फोटो छापले होते लग्नाच्या अल्बमच्या उरलेल्या कागदावर. ते खरवडताना भिंतीचा रंग निघाला, तेव्हा आईने त्या मित्राला जे ऐकवलं ते सिनेमात घालण्यासारखं होतं. वेडा माणूस झाला होता माझा भाऊ. केमिकल कंपनीत शिफ्ट करणारा, कामगारांच्या एकांकिकांत कोपऱ्यातल्या भूमिका करणारा, घरात कुणाला आवाज न चढवणारा.

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या. व्याही बदलापूरहून आले, मुलीलाही घेऊन आले. त्यांना शाल दिली, नारळ दिला, टाळ्या झाल्या आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मुलगी माझ्या शेजारी बसली.

भाऊ पडद्यावर आला. तो ओरडला नाही, डोळे वटारले नाहीत. नुसता भिंतीला टेकून उभा राहिला. मधूनच घड्याळ बघायचा, जणू दुसऱ्याच कुणाची वाट बघतोय. बाई पुढे गेली की थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग सावकाश निघायचा. या माणसाला मी ओळखत होते. माझा भाऊ नव्हे, तो ज्याची चाल चालत होता तो. मला वाटायचं, त्याला मी एकटीनेच पाहिलंय.

शेजारी मुलीने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तेवढ्यात तिचे वडील उठले. अंगावरची शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेले. सिनेमा थांबला. आम्ही सगळे त्यांच्या मागे जिन्यापाशी गेलो.

"पाव्हणं, मला पोरगी द्यायचीय," ते बाबांना म्हणाले. "हे असलं त्याच्या अंगात आलं कुठून?"

"अंकल, वो ॲक्टिंग है," फोटोग्राफर मध्ये पडला.

"ॲक्टिंग मला कळते. हे बघितल्याशिवाय जमत नाय."

आईने पदर तोंडाला लावला. लग्न मोडल्यातच जमा होतं. तेव्हा मुलगी पुढे आली आणि तिने सरळ भावाला विचारलं, "तुम्ही हे कुठे पाहिलंत?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई कॅम्प पाचला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. मी नववीत होतो, मी तिला आणायला जायचो. एक माणूस रोज असाच उभा असायचा. घरी कुणी त्याबद्दल कधी बोललं नाही. पण तो कसा उभा राहायचा, ते डोक्यातून गेलं नाही."

इतकी वर्षं मी समजत होते, की त्याचं सगळं लक्ष वाटेतल्या पाणीपुरीच्या गाडीकडे असायचं.

"सिनेमात त्या बाईचं पुढे काय होतं ते दाखवलंच नाही," मुलगी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "काय झालं, ताई?"

मला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. "क्लास सोडला," मी म्हटलं. "घरी सांगितलं, तर बोभाटा नको म्हणाले. दिवाळीनंतर माझं लग्न लावून दिलं." बोलताना मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

तिने माझा हात धरला. "माझ्याही मागे होता एक जण. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पप्पा हाफ डे टाकून रोज गेटवर येऊन उभे राहायचे. मी सगळे पेपर दिले."

तिचे वडील खाली लावलेल्या स्कूटरकडे बघत राहिले. ते भावाकडे वळून म्हणाले, "पोरा, बहिणीला हे आधी सांगायला पायजे होतंस." भाऊ मान खाली घालून हो म्हणाला. मग ते आत गेले आणि खुर्चीवरची शाल उचलून पुन्हा अंगावर घेतली.

लग्न झालं. भावजय आता चिखलोलीच्या नव्या घरात राहते, तिथूनच नोकरीला जाते. तिचं माझं छान जमतं. लग्नाचा मला आनंद झाला, मनापासून झाला. पण त्या दुपारी जिन्यात मला तिचा हेवा वाटला. बाबा माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.