सात महादेव बेपत्ता

सोलापूर शहर व जिल्ह्यातील तमाम भाविकांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, गेल्या महिन्यात एका सकाळी बरोब्बर दहा वाजता कोकणच्या किनाऱ्यावरून सात महादेव बेपत्ता झाले. त्यांना शेवटचे पाहणारे इसम दोन. एक मी, भवानी पेठेतला चादरींचा दुकानदार. दुसरी माझी सत्तरीची आत्या, मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू रानाची मालकीण.

आत्याची विहीर यंदा ज्वारीच्या काढणीआधीच आटली. तळाशी उरलेलं शेवटचं पाणी तिनं तांब्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि माझ्या दुकानात येऊन बसली. समुद्रातल्या खडकावर महादेवाच्या सात पिंडी कोरल्या आहेत, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"पान्यातल्या देवाला पान्याचं कळनार न्हाय, तर कुनाला? माझ्या हिरीचं पानी त्येच्यावर घालते आन् परत मागते. चल, शिवा."

कोल्हापूरला गाडी बदलून आम्ही घाट उतरलो. वळणांवर माझं डोकं तीनदा खिडकीवर आपटलं. आत्यानं तिन्ही वेळा मांडीवरच्या तांब्याकडे पाहून विचारलं, "लागलं न्हाय न्हवं?"

देवगडच्या पुढचं ते गाव. नाव सांगत नाही, तुम्ही गर्दी कराल. संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर पोचलो. वाळूवर आम्ही दोघं आणि असंख्य खेकडे. आत्या सरळ लाटांपर्यंत गेली. मग बोट बुडवून चाखलं आणि थुंकली.

"यवडं पानी, आन् मीट घालून नासवलंय की!"

समोर काळ्या कातळावर सात पिंडी उघड्या होत्या, चालत जाण्याइतक्या जवळ.

"घाल पाणी," मी म्हणालो.

"अंगावर परवासाची धूळ, पोटात तुझी भजी. असं असतंय व्हय? उद्या सकाळी अंगुळ करून, उपाशीपोटी. द्येव काय पळून जातोय?"

मुळीच नाही, असं मी जाणकाराच्या थाटात सांगितलं. आमच्याकडे तळं एकदा मागं सरलं की लोक निर्धास्तपणे तळात काकडी लावतात.

सकाळी दहाला गेलो, तर कातळ नाही, पिंडी नाहीत. जिथं मी आदल्या दिवशी चप्पल झटकली होती तिथं लाटा फुटत होत्या. आत्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच देव खिशात घातले.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण, सुलूकाकी, हसून हसून भिंतीला टेकली. "देव खंय जातले? भरती इली हा (भरती आली आहे). सांजेक सुकती (ओहोटी) जाली की दिसतले."

"आलेलं पानी आज सांजंला जानार?" आत्याचा विश्वास बसेना.

"जातला, आणि परत येतला. दिवसाक दोनदा!"

आमची परतीची एकुलती गाडी बारा वाजता होती. आत्या ओट्यावर बसली. गाडी गेली. पाणी घातल्याशिवाय तोंडात काही घेणार नाही, असं तिनं जाहीर केलं. काकीनं तांदळाची जाळीदार घावनं आणि नारळाचा गोड रस पुढं ठेवला. आमच्या घराण्याच्या वतीनं मी सहा खाल्ली.

दुपारी पायवाटेनं सड्यावर (डोंगरमाथ्यावरचा खडकाळ माळ) चढलो. काजू मोहरलेले, पायाखाली तापलेला जांभा दगड. "हे तर आपलंच माळरान की!" आत्या खूश झाली. उपाशीपोटी माझ्यापुढं चालत होती. वर बसून ती समुद्रावर पहारा देऊ लागली. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. पाणी हटलं नाही, तर तिला काय सांगणार होतो?

चारच्या सुमारास पाण्यातून एक काळं डोकं वर आलं. मग दुसरं.

"शिवा, ऊठ!"

शेवाळावरून माझा पाय घसरला. पडता पडता तिला धक्का लागला, पण तिच्या हातून सुटलेला तांब्या मी तेवढा झेलला. गुडघा सोलला. आत्यानं वाकून तांब्याला विचारलं, "लागलं न्हाय न्हवं?"

सातही पिंडींवर तिनं धार धरली, शेवटच्या थेंबापर्यंत. ओठ हलत होते. काय मागितलं ते लाटांनी ऐकलं असेल. मग काकीच्या ओट्यावर तिनं चार घावनं खाल्ली.

चौथ्या दिवशी तिला शेतावर सोडायला गेलो. मला वाटलं होतं, देवदर्शन झालं, आता ती देवावर भार टाकून निवांत बसेल. पण प्रवासात मी एक शिकलो. आत्या मागते देवाकडे, पण जाब ज्याचा त्याला विचारते. पिशवी ओट्यावर टाकून ती तडक विहिरीकडे गेली. मी मागून पोचलो तेव्हा रिकामा तांब्या कमरेवर धरून ती कोरड्या तळाकडे वाकली होती आणि शेजारच्या रानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती:

"आगं, तितलं पानी दिसातनं दोनदा परत येतंय! तू वर्सातनं एकदा तरी ये की!"