पाहुण्याचे कान

उडत्या तबकडीतून आलेल्या परग्रहवाल्यांनी हनुवटीकाकांना भरदुपारी उचलून नेलं आणि परत आणून सोडताना त्यांचे दोन्ही कान ठेवून घेतले, अशी बातमी गल्लीभर झाली. साफ खोटं. काकांचे कान जागच्या जागी आहेत, उजव्यावर नेहमीची पेन्सिलही आहे. आणि त्यांना कोणी नेलंबिलं नाही. काकांचं म्हणणं एवढंच, की त्यांच्यातला एक जण स्वतःच्या पायांनी स्टुडिओत आला होता.

स्टुडिओ म्हणजे शटरमागची एक खोली. स्टूल, दोन दिवे, पांढरा पडदा, आरसा, आणि कोणी पळवू नये म्हणून दोऱ्याने बांधलेला कंगवा. जन्मभर काकांनी तिथे पासपोर्टचे फोटो काढले. "हनुवटी वर, हसू नका," हे इतक्यांदा म्हणून झालंय, की त्यांचं खरं नाव काकूंनाही आठवून सांगावं लागतं.

काकू दवाखान्यात नर्स होत्या. नेमका त्याच दिवशी त्यांचा निरोपसमारंभ. सगळा वॉर्ड रांगेत उभा, मधल्या खुर्चीत काकू, अंगावर शेवटचा इस्त्रीचा गणवेश. आणि फोटो काढणारा नवराच बेपत्ता! शेवटी कोणीतरी मोबाइलवर उरकलं. त्या फोटोत काकूंचा अर्धा चेहरा काढणाऱ्याच्या अंगठ्यामागे गेला.

तेव्हापासून काकूंचा अबोला. निरोप जायचे ते त्यांच्या धाकट्या भावामार्फत. हा मेहुणा टकल्या, बटबटीत डोळ्यांचा आणि आगीत तेल ओतण्यात पटाईत. गल्लीने वेड्यात काढलं तर काका खांदे उडवत. पण काकूंनी आपल्याला खोटारडं समजावं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"त्यांना सांग, भाजी झाकून ठेवलीय," काकू भावाला म्हणाल्या.

"भावजी, भाजी झाकलीय. आता तबकडीचं तेवढं उघडा एकदाचं."

"काय उघडायचं? निघायचं म्हणून शटर अर्धं ओढलं होतं. हा पाहुणा खालून वाकून आत आला. बाहेर मोकळ्या जागेत ती तबकडी, झगझगीत."

"मग काढला का फोटो?"

"काढला तर! गिऱ्हाईक दारात आलेलं."

काकांनी खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. पांढऱ्या पडद्यापुढे टक्कल, मोठ्ठे डोळे, हनुवटी वर. मेहुणा हसून लोळायचाच बाकी राहिला.

"ताई, अगं हा तर मीच! आणि भावजी, तबकडी कुठाय?"

"पडद्यामागे. पासपोर्टला मागे काही दिसून चालत नाही."

"म्हणजे एवढी आभाळातून तबकडी उतरली आणि तुम्ही तिच्यापुढे पडदा ओढलात?"

"सवय रे! त्यात तो मान हलवायचा. परत परत घ्यावा लागला, म्हणून तर उशीर झाला."

काकूंनी भावाच्या हातून फोटो ओढला, खिडकीशी नेला, डोळे बारीक करून पाहिला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थेट नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, हे कान माझे आहेत!"

मेहुण्याचं हसू गपकन थांबलं. डाव्या पाळीवरचा तीळ काकूंचाच होता, त्यात वाद नव्हता.

"त्याला नव्हतेच," काका खालच्या आवाजात म्हणाले. "दोन्ही कान दिसल्याशिवाय फोटो पास होत नाही. कॉम्प्युटरवर तुझा उघडाच होता. मोठा करून, फ्रेम करून आणणार होतो समारंभाला. त्यातलेच लावले."

"जगात दुसरे कान नव्हते?" काकूंनी दरडावून विचारलं, पण ओठांचे कोपरे हलायला लागले होते.

"ताई, पाघळू नकोस," मेहुणा घाईने म्हणाला. "सगळा बनाव आहे हा!"

"अरे शहाण्या," काका म्हणाले, "बनावच करायचा असता, तर त्याला बिनकानाचाच ठेवला नसता का?"